पूजेतला बाण वाकवायचा नाही

मी एक जुना बाण आहे, मित्रांनो, आणि अख्खाही उरलेलो नाही. राजाजीनगरच्या ह्या शेडमध्ये, वसुमतीअक्कांच्या टेबलावर जो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात माझे दोन तुकडे पडलेले असतात. दर रविवारी तुम्ही बेळ्ळंदूर, महादेवपुऱ्याहून तासभर ट्रॅफिकमध्ये रखडत धनुर्विद्या शिकायला येता, डबा उघडता आणि नाक मुरडता. ह्याच्यावर रक्त आहे म्हणता. आहेच. दोन माणसांचं आहे. घाबरलात तर घाबरा, पण ऐका. मी काही देव्हाऱ्यातली समई नाही. मी भोसकायला जन्मलो, आणि भोसकलं.

माझा जन्म कुठल्या झाडाच्या फांदीतून झाला नाही. कोळशासारख्या काळ्या धाग्यांचं कापड चिकट राळेत भिजवून पोलादी दांड्याभोवती गच्च गुंडाळलं, भट्टीत घालून भाजलं आणि मग दांडा खसकन उपसून काढला. जी पोकळ काळी नळी उरली, ती मी. माझ्यासारख्या अकरा भावंडांबरोबर पुठ्ठ्याच्या नळकांड्यात कोंबून मला बंगळुरात आणलं, आणि वसुमतीअक्कांच्या हातात मी पहिल्यांदा उजेड पाहिला.

अक्का घड्याळांच्या कारखान्यात फिटर होत्या. कारखाना बंद पडला, पण हात काही बंद पडले नाहीत. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळतो. नवरा गेला तेव्हा दोन वर्षांची लेक घेऊन त्या भावाच्या घरी आल्या आणि मागच्या शेडमध्ये बाण बनवू लागल्या. माझे हाल तिथेच सुरू झाले. त्यांनी मला दोन खुंट्यांवर आडवं टाकलं, कमरेला वजन टांगलं आणि मी किती वाकतो ते काट्यावर पाहिलं. नाकाला ओला पंचा बांधून फिरत्या चकतीखाली माझी मान धरली. काळी धूळ उडाली. कापलेलं तोंड कागदानं घासघासून सपाट केलं, आतून स्पिरिटनं पुसलं, आणि गोंद भरून एक पितळी तुकडा नरड्यात ठोकला. त्यात पोलादी टोक आवळलं, चांगलं जडशीळ. मागच्या टोकाला दोरी बसायची खाच.

पिसं मात्र लगेच मिळाली नाहीत. आधी मला तसंच, नागडं, मैदानात मारून बघितलं. मित्रांनो, बाण सुटला की सरळ जातो असं तुम्हाला वाटतं, पण तसं नाही. दोरीनं मागून ढकलल्यावर तो आधी धनुष्याला वळसा घालत मासोळीसारखा वळवळतो, मग सरळ होतो. धनुष्य कडक आणि बाण मऊ असेल तर तो उजवीकडे भरकटतो. मी भरकटलो. अक्कांनी पाव इंच कापलं. पुन्हा भरकटलो, पुन्हा पाव इंच. पाच वेळा कापून घेतल्यावर मी नाकासमोर गेलो. तेव्हा कुठे टर्कीची तीन लाल पिसं लागली, तिन्ही एकाच बाजूच्या पंखातली, म्हणजे मी गोल फिरत जाईन. आमच्या धनुष्याला बाण टेकवायला काही नसतं, तो मुठीवरच टेकतो. म्हणून पिसाचं पुढचं टोक अक्कांनी दोऱ्यानं गुंडाळून वर लाखेसारखा लेप दिला. नाहीतर ते टोक सुटताना मूठ चिरत जातं. एवढी काळजी करणारी बाई. सगळं नीट झाल्यावर त्यांनी मला दोन्ही टोकांना धरून कानाशी नेलं, थोडं वाकवलं, फिरवलं, पुन्हा वाकवलं आणि ऐकलं.

हे ऐकणं काय असतं ते सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. लाकडाचा बाण मोडायच्या आधी कुरकुरतो, दिसतो, कळतो. कार्बन तसा नाही. तो आत फुटतो आणि बाहेरून राजा दिसतो. असा फुटका बाण दोरीवर चढवून सोडला की दोरी मागून ढकलते, जड टोक पुढून हलत नाही, आणि बाण मधल्यामध्ये फाटून धनुष्य धरलेल्या मुठीत घुसतो. सुऱ्यासारखा नाही घुसत. झाडूच्या काड्यांसारखा घुसतो, शेकडो काड्या. म्हणून प्रत्येक बाण, प्रत्येक वेळी, सोडण्याआधी कानाशी वाकवायचा. कट् असा आवाज आला की तो बाण गेला, कितीही लाडका असो. अक्कांच्या शेडमधला हा पहिला नियम.

मला बनवलं होतं त्यांच्या थोरल्या भावासाठी. रघुजी त्याचं नाव. इथल्या आमच्या मराठी समाजाच्या मंडळाच्या मैदानावर तो तीस वर्षं शिकवत होता. हाताचा पक्का, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. चुकलं की पहिल्यांदा शिवी, दुसऱ्यांदा चापट, तिसऱ्यांदा हाताला लागेल ते. आईबाप वर कौतुकानं म्हणायचे, शिस्त आहे हो मास्तरांची. शिस्त कसली डोंबलाची. चार पोरं सोडून गेली, एकाच्या कानाचा पडदा दुखावला, तरी हा आपला ताठ. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

पण खोटं कशाला बोलू, मला तो आवडायचा. तीन वर्षं मी त्याचा पहिला बाण होतो. त्याची दोरी गालापर्यंत आली की माझ्या अंगातून जी थरथर जायची तिची सर कशालाच नाही. गवताच्या गाठोड्यांची मी आतडी काढली. एकदा मैदानातली पाटीएवढी घूस त्यानं धावताना टिपली. मी तिच्या बरगडीतून आरपार गेलो. गरम रक्त मला पहिल्यांदा तेव्हा लागलं. मला मजा वाटली, हेही सांगून टाकतो. तुमच्यापासून लपवून काय करू?

आता दिव्यश्री. तीच, जी तुम्हाला शिकवते आणि तुम्ही दिव्याअक्का म्हणता. अक्कांची लेक. तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नऊ वर्षांची असल्यापासून मामाच्या हाताखाली होती, आणि हाताखाली म्हणजे खरोखरच हाताखाली. राज्याच्या निवडचाचणीला महिना राहिला होता. साध्या धनुष्याच्या गटात मुलींसाठी एकच जागा, आणि ती तिची असं सगळे धरून चालले होते. ती तिला हवी होती. त्या जागेबरोबर वसतिगृह मिळणार होतं. वसतिगृह म्हणजे ह्या घरातून सुटका.

ती रडायची नाही. मामाचं अन्न खातो, एवढंच तिला लहानपणापासून शिकवलेलं. संध्याकाळी आई पाठीवरच्या वळांना हळद-तेल लावायची आणि लावताना तोंड दुसरीकडे करायची. मी भात्यातून बघायचो. माझ्या अंगातली केसाएवढी चीर जिला ऐकू येते, त्या बाईला पोटच्या पोरीचं काही ऐकू येत नव्हतं. मला तेव्हाही ह्याचा राग यायचा आणि आजही येतो.

त्या वर्षी नवरात्रातल्या अष्टमीच्या सकाळी सराव होता. दिव्यश्रीची दोरी पूर्ण गालाला लागायच्या आधी सुटत होती. एकदा सुटली, दोनदा सुटली. रघुजीनं भात्यातून मला ओढलं, पिसांकडून धरलं आणि तिच्या पोटरीवर सपकन ओढलं. मी, मित्रांनो. मी. मला लक्ष्यावर जायची सवय, आणि मला छडी केलं. कातडी कशी फुगून वर येते ते मी माझ्या अंगानं ऐकलं. दुसरा तडाखा तिथेच, बोटभर खाली. तिसऱ्याला ती किंचित हलली. मी तिला अर्धा लागलो आणि अर्धा जाऊन बाजूच्या लोखंडी खांबावर आदळलो.

माझ्या आत काहीतरी गेलं. पिसांच्या वीतभर पुढे. बाहेरून नखाएवढी रेघ, आत उभी भेग. रघुजीनं मला भात्यात फेकलं आणि म्हणाला, "उद्या पूजा आहे म्हणून एवढ्यावर सोडतो." ती खाली बसली नाही. उभ्या उभ्या पुढचा बाण घेतला, कानाशी वाकवला, ऐकला आणि सोडला. मधोमध.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून लेथ मशीनपर्यंत सगळ्यांना गंध-फूल मिळतं आणि रस्तोरस्ती कुंकू भरलेले कोहळे फुटतात. आमच्या घरी धनुष्य-बाण पाटावर मांडतात. दसऱ्याला, पूजेतला मानाचा बाण मंडळाच्या मैदानात शमीखाली रोवलेल्या केळीच्या खुंटात मारायचा, मग सोनं लुटायचं. आणि ह्या बाणाचा एक नियम, अक्कांच्या नियमापेक्षा जुना: पूजेतला बाण वाकवायचा नाही. देवीपुढे बसलेल्या शस्त्राची परीक्षा माणसानं घ्यायची नसते, मोडलं तर घरावर संकट येतं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस बाण वाकवून ऐकणारं हे घर, एका दिवशी हात जोडून गप्प बसायचं. मानाचा बाण अर्थात मीच.

पूजेआधी शस्त्रं पुसायचं काम दिव्यश्रीचं. चार वाजले होते, आई स्वयंपाकात, मामा फुलं आणायला गेलेला. तिनं कापसाच्या बोळ्यानं मला टोकाकडून पिसांकडे पुसत आणलं आणि पिसांच्या वीतभर आधी कापसाचा एक तंतू अडकला. ती थांबली. तिनं कापूस बाजूला ठेवला, मला कानाशी नेलं, वाकवलं.

कट्.

मला वाटलं, आता ओरडेल, आई बघ म्हणेल, मला कोपऱ्यात टाकतील, सुटलो. पण परकर थोडा वर करून तिनं पोटरीवरचे तीन जांभळे वळ पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मग तिनं चंदनाची वाटी ओढली, हळद मिसळून घट्ट लेप केला, आणि भेगेवर चांगला जाड पट्टा ओढला. शोभेला तसेच आणखी दोन ओढले, एक पुढे, एक मागे, म्हणजे कुणाला संशय नको. वरून कुंकू. आणि मला पाटावर सगळ्यांत पुढे ठेवलं, मामाच्या हाताला पहिला लागेन असा.

तिला काय हवं होतं ते मला कळलं. त्याचा डावा हात. ज्या हातानं तो धनुष्य धरायचा आणि मारताना तिचा दंड धरायचा, तो. मुठीत बाण फुटला की काय होतं हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मला? मला तिची दया आली म्हणू? नाही. बरं होईल, असंच मला वाटलं. मला छडी केलं होतं त्यानं. मीही तयार होतो.

रात्रभर समईसमोर मी फुटक्या अंगानं देवीचा मान घेत पडून राहिलो. ती एकदाही माझ्याकडे आली नाही.

दसऱ्याला मैदान भरलं. समाजातली सगळी कुटुंबं, जरीच्या साड्या, फेटे, ढोल. मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब माइकवर पूर्वजांची नावं घेत होते. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कोण कुणाच्या फौजेबरोबर इथे आलं, ते दर दसऱ्याला ऐकावं लागतं. दिव्यश्री मामाच्या मागे धनुष्य घेऊन उभी होती, तोंडाला रंग नाही. अप्पासाहेबांनी रघुजीला बोलावलं. रघुजी पुढे झाला, ताटातून मला उचललं, कपाळाला लावलं, आणि मग असं काही केलं जे त्या घरात कधीच झालं नव्हतं.

"ह्या वर्षी मानाचा बाण माझी भाची सोडेल," तो म्हणाला.

बायका खूश झाल्या, टाळ्या पडल्या. मुलीनं मानाचा बाण सोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. रघुजी तिच्याकडे वळला, मला तिच्या हातात दिलं आणि दुसरीकडे बघत, कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटला की परवा जरा जास्तच झालं. बस. माफी मागायची त्याची ऐपत एवढीच. तीस वर्षांत तेवढीही कुणाला मिळाली नव्हती.

मी तिच्या हातात होतो, मित्रांनो. तिनं खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आता तीच उभी होती. सोडला तर तिचा हात जाणार, निवड जाणार, सुटका जाणार. बोलली तर तीनशे माणसांसमोर सांगावं लागणार की देवीपुढे फुटका बाण मी ठेवला, आणि कुणासाठी ठेवला. तिसरी वाट तिला एकच दिसली. ती म्हणाली, "नको मामा. मी नाही सोडत."

कुजबूज सुरू झाली. रघुजी आधी हसला, घे गं म्हणाला. तिनं मान हलवली. अप्पासाहेब म्हणाले, लाजते पोरगी. पुन्हा नाही. आता त्याचा चेहरा बदलत गेला, मी बघत होतो. परवाचा राग धरून ही चारचौघांत माझं नाक कापते आहे, असा त्याचा समज झाला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तिच्या हातातून धनुष्य हिसकावलं, मला हिसकावलं, मनगट पिरगाळून. वसुमतीअक्का धावल्या. लेकीच्या चेहऱ्यावर त्यांनी काय वाचलं कोण जाणे, पण त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, "अण्णा, मला एकदा वाकवून बघू दे."

"पूजेतला बाण वाकवायचा नाही. आज तुला नव्यानं सांगू?"

अक्कांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. देव म्हटला की आपल्या माणसांचे हात असे खाली येतात.

त्यानं मला दोरीवर चढवलं. ढोल थांबले. दिव्यश्री त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी होती, हातभर अंतरावर. ती हळूच म्हणाली, "मामा, तो फुटलाय." त्यानं ऐकलं. अपशकुन बोलते म्हणून दात आवळून गप्प बस म्हणाला आणि दोरी ओढली. माझ्यातून ती ओळखीची थरथर गेली, पण ह्या वेळी भेगेपाशी येऊन ती अडली. चंदनाचा पट्टा तडकला.

कालपासून तिला जे हवं होतं ते आता होणार होतं. तिनं सांगूनही झालं होतं. तिला फक्त उभं राहायचं होतं. ती उभी राहिली नाही. त्याची बोटं सुटायला आणि तिनं झेप घ्यायला एकच गाठ पडली. तिनं उजवा तळवा त्याच्या मुठीवर, माझ्या वाटेत, दाबून धरला.

मी फुटलो. ढोलाचं कातडं फाटावं तसा आवाज झाला. पुढचा तुकडा गिरक्या घेत कुठेतरी गवतात पडला. मागचा मी, दोरीच्या सगळ्या जोरानिशी, तिच्या तळव्यातून शिरलो, पलीकडून निघालो आणि त्याच्या अंगठ्याच्या मुळात हाडापर्यंत घुसलो. तिथेच थांबलो. आजूबाजूला माझेच काळे धागे कुसळांसारखे दोघांच्या मांसात पसरले. रक्त माझ्या पोकळीतून नळासारखं आलं, पिसांवरून टपकलं. ह्या वेळी मजा वाटली नाही. घुशीसारखं ते अजिबात नव्हतं. तिचं किंचाळणं मला हाडातून ऐकू येत होतं, आणि त्याचंही.

कुणीतरी मला उपसायला आलं. अक्कांनी त्याला ढकलून दिलं. उपसू नका, धागे आतच राहतील, असं त्या म्हणाल्या आणि आपला पदर फाडून दोन्ही हात होते तसे एकत्र बांधले. गेटाशी नागराज नावाच्या रिक्षावाल्याची रिक्षा होती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधलेली. त्यानं मामा-भाचीला मागे बसवलं, अक्कांना मधे कोंबलं आणि स्वल्प तडीरी, थोडा दम धरा, पाचच मिनिटं, असं म्हणत दामटली. रस्त्यावर कालच्या फुटक्या कोहळ्यांचा लाल चिखल होता. चाक घसरलं की मी दोघांत हलायचो आणि दोघं एकदम कण्हायची. एकाला कळ आली आणि दुसऱ्याला नाही, असं होत नव्हतं.

इस्पितळात डॉक्टर हर्षिता म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि चक्रावल्या. हाडं दिसत होती, मी दिसत नव्हतो. कार्बन एक्स-रेत नीट दिसत नाही. म्हणजे एकेक धागा डोळ्यांनी शोधून चिमट्यानं काढायचा. आणखी कुठे कुसळं उडाली का बघायला त्यांनी दिव्यश्रीचा रक्तानं भिजलेला परकर गुडघ्यापर्यंत वर केला. आणि थांबल्या. पोटरीवर तीन वळ, आता काळे-हिरवे. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, हे आजचं नाही, हे कुणी केलं?

दिव्यश्री छताकडे बघत राहिली. अक्कांनी सवयीनं तोंड दुसरीकडे केलं. रघुजीला मात्र तोंड फिरवता येईना, उठता येईना, दार आपटून निघून जाता येईना. मी त्याला तिच्याशी शिवून ठेवलं होतं. तो बराच वेळ त्या वळांकडे बघत होता. मग माझ्याकडे. पिसांच्या वीतभर पुढे जिथे मी फाटलो होतो तिथे. तीस वर्षं बाण हाताळलेला माणूस, त्याला हिशोब कळला.

"मी मारलं," तो म्हणाला. "ह्याच बाणानं मारलं. तेव्हाच फुटला तो."

"आणि मला माहीत होतं," दिव्यश्री म्हणाली. "नवमीला पुसताना कळलं. मी चंदन लावून लपवला. तुमचा हात जावा म्हणून."

अक्का दोघांच्या मधे उभ्या होत्या. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग इतक्या वर्षांचं जे काही आत दाबलं होतं ते त्यांच्या हातात आलं आणि त्यांनी थोरल्या भावाच्या तोंडात खाडकन दिली. त्याचं डोकं हललं, खांदा हलला, हात हलला, मी हललो. आणि दिव्यश्री जिवाच्या आकांतानं ओरडली.

अक्का जागच्या जागी गोठल्या. चापट भावाला मारली होती, ओरडली लेक. त्या मटकन खाली बसल्या, माझ्या टपकणाऱ्या पिसांखाली, आणि हमसून हमसून रडल्या. म्हणाल्या, हा माझा पहिला तडाखा आणि हाच शेवटचा. आता आपल्या घरात कुणी कुणावर हात उचलायचा नाही. आणि ज्याला हे जमणार नाही त्यानं ह्या पोरीसमोर उभं राहायचं नाही, मग घर कुणाचं का असेना. रघुजीनं मान खाली घातली. तो हो म्हणाला की नाही ते ऐकू आलं नाही, पण मान त्यानं वर केली नाही.

डॉक्टरांनी मला कापून दोघांना वेगळं केलं. साडेचार तास लागले.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही. दिव्यश्रीची दोन बोटं आजही धड मिटत नाहीत, दोरी ओढणं संपलं. निवडचाचणीला ती गेली ती हात गळ्यात बांधून, दुसऱ्या मुलीला त्या जागेवर निवडलेलं बघायला. रघुजीचा अंगठा आखडला, धनुष्य पेलत नाही. मायलेकी सहा महिने महादेवपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहिल्या, आणि तो स्वतः बोलवायला आला तेव्हाच परतल्या. तेही शिकवायचं काम दिव्यश्रीचं आणि त्यानं फक्त बाण गोळा करायचे, ह्या अटीवर. तिनं त्याला माफ केलं का? मला विचाराल तर नाही. स्वतःला केलं का? तेही नाही. दोघं एका मैदानावर उभी राहतात, एवढंच.

आणि मंडळानं ह्या दसऱ्याला जुना नियम मोडला. अप्पासाहेबांनी पूजेतला बाण माइकसमोर कानाशी वाकवला, सगळ्यांना ऐकवला, मगच खुंटात मारायला दिला. घरावर संकट वगैरे काही आलं नाही.

मित्रांनो, माझं सगळं अंग काही डॉक्टरांना सापडलं नाही. माझे कितीतरी बारीक धागे अजून त्या दोन हातांत आहेत. डिसेंबरात बंगळुराची सकाळ गार पडली की ते टोचू लागतात. परवाच्या रविवारी तुम्ही बाण वेचायला पळालात तेव्हा दिव्यश्री एकटी उभी राहून तळवा दाबत होती. रघुजी बाजूच्या खुर्चीवर स्वतःचा अंगठा चोळत बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. घसा खाकरून म्हणाला, "दुखतंय का गं?"

तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "स्वल्प."

दहा वर्षं त्यानं तिला मारलं, आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. एवढं विचारायला त्याला एक हात द्यावा लागला आणि तिला एक. तुमच्याही घरात कुणीतरी गप्प असेल, मित्रांनो. भाऊ, बहीण, शेजारचं पोर, कदाचित आईसुद्धा. आज घरी गेलात की जवळ बसा आणि विचारा. तुम्हाला फुकट विचारता येतं.